किती वेळ खेळलास, की कोणाबरोबर खेळलास?

जर्मनीतल्या मराठी घरांमध्ये संध्याकाळी एक संवाद हमखास ऐकू येतो. "बंद कर आता ते!" "थांब ना आई, पाचच मिनिटं!" पाचाची पंधरा मिनिटं होतात, मग बाबांचा आवाज चढतो, मग दार आपटतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

या भांडणात दोन्ही बाजू एकाच गोष्टीबद्दल बोलत असतात, ती म्हणजे वेळ. आईबाबा म्हणतात दोन तास झाले, मुलं म्हणतात दीडच झालाय. वेळ मोजता येतो, म्हणून आपण वेळेवरून भांडतो. माझं मत असं आहे की "किती वेळ खेळलास?" यापेक्षा "कोणाबरोबर खेळलास?" हा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. आणि त्याहूनही महत्त्वाचा एक प्रश्न आहे, तो म्हणजे "स्क्रीन बंद झाल्यावर तुला भेटायला कोण आहे?"

वेळेला काहीच किंमत नाही, असं मी म्हणत नाही. रात्री एकपर्यंत खेळून सकाळी आठ वाजता गणिताच्या तासाला डुलक्या काढणं हे वाईटच. झोप, अभ्यास, जेवण यांचा वेळ गेमने खाल्ला तर ओरडा बसणारच, आणि बसायलाही हवा. पण मुलांना माणसांत मिसळता येतं की नाही, ही काळजी असेल तर ती नुसतं घड्याळ बघून मिटत नाही.

कट्टा कुठे गेला?

तुमच्या आईबाबांचं लहानपण आठवायला सांगा. पुण्यात, नाशकात किंवा कोल्हापुरात खालून कोणीतरी हाक मारायचं, "ए, खाली ये रे!" आणि मुलं चपला अडकवून पळायची. फोन नाही, वेळ ठरवणं नाही. बिल्डिंगचं आवार, वाड्याचं अंगण किंवा कोपऱ्यावरचा कट्टा, तिथे कोणी ना कोणी असायचंच.

इथे तसं होत नाही. मित्राकडे जायचं तर आधी ठरवावं लागतं. लहान मुलांच्या बाबतीत तर दोन आयांचे चार मेसेज होतात, तेव्हा पुढच्या आठवड्यातला गुरुवार मिळतो. डिसेंबरमध्ये साडेचारपर्यंत अंधार पडतो. त्यात जर्मनीच्या शाळेची पद्धत वेगळी. बहुतेक राज्यांमध्ये चौथीनंतर मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. कोणी गिम्नाझियमला जातं, कोणी रेआलशूलेला, कोणी गेझाम्टशूलेला. बर्लिन आणि ब्रांडेनबुर्गमध्ये हे साधारणपणे सहावीनंतर होतं. म्हणजे जेमतेम दहा वर्षांच्या मुलाचा चार वर्षांचा जिवलग मित्र एका उन्हाळ्यात दुसऱ्या शाळेत जातो. त्याची बस वेगळी, सुट्टीची वेळ वेगळी, गृहपाठ वेगळा.

ही मैत्री टिकवायची कशी? दहा वर्षांची मुलं फोनवर "कसा आहेस? काय चाललंय?" असं बोलत बसत नाहीत. त्यांना एकत्र काहीतरी करायला लागतं. म्हणून ती हेडसेट लावतात आणि माइनक्राफ्टमध्ये किल्ला बांधतात. हात किल्ला बांधत असतात आणि तोंड नव्या शाळेबद्दल, नव्या बाईंबद्दल, न आवडणाऱ्या मुलाबद्दल बोलत असतं. मोठ्यांना बाहेरून फक्त स्क्रीनकडे बघणारा मुलगा दिसतो. प्रत्यक्षात तो कट्ट्यावर बसलेला असतो.

आपल्या घरांत याची आणखी एक बाजू आहे. भारतातल्या चुलत-मावस भावंडांशी बोलायला बसवलं की काय होतं? "आजीला नमस्कार कर. दादाशी बोल ना!" मग दोन्हीकडची मुलं मान हलवतात आणि पळून जातात. पण हिवाळ्यात आपल्या दुपारी तीन वाजता भारतात संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. तीच भावंडं त्या वेळी एका गेममध्ये भेटली की मराठी कशी धो-धो वाहते बघा. "अरे मागे बघ, मागे! पळ! तुला सांगितलं होतं ना तिकडे जाऊ नकोस म्हणून!" या तीन वाक्यांत आज्ञा आहे, भूतकाळ आहे, नकार आहे आणि थोडा रागही आहे. मराठी शाळेच्या पुस्तकात आम्ही हेच शिकवायला किती तास घेतो! भाषा वापरायची गरज पडली की भाषा येते. ती गरज गेमने निर्माण केली तर मला त्यात वाईट वाटण्यासारखं काही दिसत नाही.

आधी काय झालं, नंतर काय झालं?

"हे सगळं ठीक आहे, पण जास्त गेम खेळणारी मुलं माणूसघाणी होतात ना?" असं कोणीतरी म्हणेल. हा प्रश्न योग्य आहे, आणि त्यावर अभ्यास झालेला आहे.

नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइम शहरात संशोधकांनी ८७३ मुलांवर अनेक वर्षं लक्ष ठेवलं. मुलं ६ वर्षांची असल्यापासून १२ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी त्यांची माहिती घेतली. मूल किती खेळतं आणि त्याला इतरांशी किती चांगलं जमवून घेता येतं, या दोन्ही गोष्टी तपासल्या. हा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असं दिसलं की जास्त वेळ खेळल्यामुळे मुलांची माणसांत मिसळण्याची क्षमता पुढे सर्वसाधारणपणे कमी झाली नाही. याला एक अपवाद होता. दहाव्या वर्षी जास्त खेळणाऱ्या मुली बाराव्या वर्षी या बाबतीत थोड्या मागे पडलेल्या दिसल्या. संशोधकांचा एक अंदाज असा की गेम खेळणाऱ्या मुलींना सोबत खेळणाऱ्या मैत्रिणी कमी मिळतात, त्यामुळे त्या एकट्या पडत असाव्यात.

पण याच अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ज्या मुलांना आठव्या आणि दहाव्या वर्षी इतरांशी जमवून घेणं कठीण जात होतं, ती मुलं दोन वर्षांनी जास्त वेळ गेम खेळताना दिसली. म्हणजे आपण समजतो त्याच्या उलट! गेममुळे मूल एकटं पडलं असं आपण म्हणतो. पुष्कळदा मूल आधी एकटं पडलेलं असतं आणि मग ते गेमकडे वळतं.

हे खरं असेल तर नुसता कन्सोल कपाटात ठेवून काय होईल? मुलाचा एकटेपणा तसाच राहील, आणि त्यावरचा त्याचा एकुलता एक उपायही जाईल.

जागतिक आरोग्य संघटनेने गेम खेळण्याचा आजार आपल्या यादीत घातला आहे. ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. या आजाराची लक्षणं तीन: खेळण्यावर ताबा राहत नाही, बाकी सगळ्या गोष्टींपेक्षा गेम मोठा होतो, आणि नुकसान होताना दिसत असूनही खेळणं चालूच राहतं. साधारणपणे वर्षभर असं चाललं असेल तर त्याला आजार म्हणतात. या व्याख्येत तासांचा आकडा कुठेच नाही. डॉक्टरसुद्धा आधी घड्याळ बघत नाहीत, आयुष्यातलं बाकी काय काय सुटलंय ते बघतात.

आणि हा आजार खराच असतो. जर्मनीतली डाक ही आरोग्य विमा संस्था आणि हाम्बुर्गच्या विद्यापीठ रुग्णालयातले तज्ज्ञ मिळून १० ते १७ वर्षांच्या मुलांची पाहणी करतात. २०१९ मध्ये २.७ टक्के मुलांचं गेम खेळणं आजाराच्या पातळीवर गेलेलं दिसलं. कोरोनाच्या वर्षांत हा आकडा वाढत गेला आणि २०२२ मध्ये ६.३ टक्के झाला. २०२३ मध्ये तो ४.३ टक्क्यांवर आला. याचा अर्थ मी असा लावतो: शाळा, मैदानं आणि क्लब बंद झाले, तेव्हा रिकाम्या झालेल्या जागेत गेम शिरला. जागा पुन्हा भरायला लागली तसा तो थोडा मागे हटला. सगळा मात्र हटला नाही.

बोट दाखवणं सोपं असतं

जर्मनीत गेमची भीती जुनी आहे. २६ एप्रिल २००२ रोजी एरफुर्ट शहरातल्या एका शाळेत एका माजी विद्यार्थ्याने १६ जणांचा जीव घेतला. तो हिंसक गेम खेळायचा, हे बाहेर आलं आणि देशभर "किलरश्पीले", म्हणजे मारामारीचे गेम, यांवर चर्चा सुरू झाली. १ एप्रिल २००३ पासून गेमच्या डब्यावरचं वयाचं चिन्ह कायद्याने बंधनकारक झालं. पांढरं ०, पिवळं ६, हिरवं १२, निळं १६ आणि लाल १८, ही चिन्हं तुम्ही दुकानात पाहिली असतील. बर्लिनमधली ऊएसका ही संस्था १९९४ पासून हे काम करते.

वयाची चिन्हं हवीतच, त्याबद्दल वाद नाही. पण एरफुर्टच्या घटनेत आणखी एक गोष्ट होती. त्या मुलाला काही महिन्यांपूर्वी शाळेतून काढून टाकलं होतं आणि घरी कोणालाच ते माहीत नव्हतं. तो शाळेत जातो असं भासवून रोज घराबाहेर पडत होता. "तो कोणता गेम खेळत होता?" हे विचारणं सोपं होतं. "इतके महिने तो कुठे जातो, कोणाशी बोलतो, हे एकाही माणसाला कसं कळलं नाही?" हे विचारणं अवघड होतं. आपल्या घरांतही आपण बहुतेक वेळा सोपाच प्रश्न विचारतो.

पुढच्या वर्षांत जर्मनीचं वागणं बदलत गेलं. २००९ पासून कोलोनमध्ये गेम्सकॉम भरतं आणि अलीकडे तिथे तीन लाखांहून जास्त लोक येतात. बर्लिनमध्ये कार्ल मार्क्स आले या रस्त्यावर कॉम्प्युटर गेम्सचं संग्रहालय आहे. वयाचे नियमही अधिक शहाणे झाले. २०२३ पासून ऊएसका फक्त मारामारी बघत नाही. अनोळखी लोकांशी गप्पा होतात का, गेममध्ये पैसे खर्च करायला लावतात का, रोज यायलाच हवं असा दबाव टाकतात का, हेही बघते. म्हणूनच फुटबॉलचा एक प्रसिद्ध गेम, ज्याला वर्षानुवर्षं ० चं पांढरं चिन्ह मिळत होतं, त्याला २०२३ मध्ये १२ चं हिरवं चिन्ह मिळालं. त्यात रक्ताचा थेंब नाही. पण पैसे भरायचे आणि कोणता खेळाडू मिळेल ते नशिबावर सोडायचं, असा प्रकार त्यात आहे.

हा बदल मला पटतो. गेम कंपन्या काही साध्याभोळ्या नाहीत. "आज आला नाहीत तर बक्षीस गेलं", "हा पोशाख फक्त रविवारपर्यंत", हे सगळं तुम्ही उठू नये म्हणून मुद्दाम केलेलं असतं. "पाचच मिनिटं" म्हणणारा मुलगा नेहमीच खोटं बोलत नसतो. त्याला धरून ठेवायला समोर पगारी माणसं बसलेली आहेत!

गेममध्ये काय शिकता येत नाही?

नॉर्वेतल्याच मात्स स्टेन या तरुणाची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत आहे. स्नायू कमजोर होत जाणाऱ्या आजारामुळे तो चाकाच्या खुर्चीत होता आणि वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा गेम तासन् तास खेळायचा. २०१४ मध्ये, २५ व्या वर्षी तो गेला. आपला मुलगा एकटाच जगला, असं आईवडिलांना वाटत होतं. त्याच्या ब्लॉगवर त्यांनी बातमी दिली, आणि युरोपभरातून मित्रांची पत्रं यायला लागली. काही जण तर त्याच्या अंत्यसंस्कारालाही आले. गेममधली मैत्री खोटी असते, असं म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट जरूर ऐकावी.

पण मात्सला चालता येत नव्हतं. तुम्हाला येतं. आणि इथे मी मुलांच्या बाजूने बोलणं थांबवून मुलांशी बोलणार आहे.

गेममध्ये एखादा त्रास देतो, तेव्हा तुम्ही काय करता? आवाज बंद करता. फारच झालं तर ब्लॉक करता. हरायला लागलात तर बाहेर पडता आणि नवा डाव सुरू करता, नव्या लोकांबरोबर. हे सोयीचं आहे. पण वर्गातल्या मुलाला ब्लॉक करता येत नाही. उद्या सकाळी तो त्याच बाकावर असणार. त्याच्याशी भांडण झालं तर ते मिटवावं लागतं, त्याचा चेहरा बघून अंदाज घ्यावा लागतो, कधी आपणच आधी बोलावं लागतं. हे शिकायला अशी जागा लागते, जिथून एक बटण दाबून निघून जाता येत नाही.

जर्मनीत अशा जागांची कमी नाही. इथे त्यांना फेराइन म्हणतात आणि देशभरात त्या सुमारे ६ लाख आहेत. फुटबॉलचा फेराइन, जिम्नॅस्टिक्सचा, गाण्याचा, बुद्धिबळाचा. गावोगावी अग्निशमन दलाची मुलांची तुकडी असते. मंगळवारी सराव म्हणजे मंगळवारी सराव, मग तो न आवडणारा गोलकीपर तिथे असो वा नसो. आपल्याकडचं गणपती मंडळ हेही तसंच असतं. ढोल कोणी वाजवायचा आणि ताशा कोणी, यावरून जितकी भांडणं होतात तितकी कुठेच होत नसतील. तरी आरतीला सगळे एका रांगेत उभे असतात.

म्हणून माझं म्हणणं असं: गेम मैत्री टिकवू शकतो, वाढवूही शकतो. पण न आवडणाऱ्या माणसाबरोबर राहायला तो शिकवत नाही. आणि मोठेपणी ऑफिसमध्ये, शेजारात, घरात तेच सगळ्यात जास्त लागतं.

मग करायचं काय?

आईबाबांनो, पहिली गोष्ट तुमच्यासाठी. ऑनलाइन डाव मध्येच थांबवता येत नाही. क्रिकेटच्या सामन्यातून बॅट्समनला मध्येच जेवायला बोलावल्यासारखं होतं ते. तेव्हा मिनिटं ठरवण्यापेक्षा डाव ठरवा. "अजून दोन डाव, मग जेवण." मुलांनो, यात तुमचीही जबाबदारी आहे. जेवायला दहा मिनिटं असताना वीस मिनिटांचा डाव सुरू करायचा नाही. ते "पाच मिनिटं" नसतं, ती थाप असते.

दुसरी गोष्ट, नावं माहीत असू द्या. शेजारच्या मैदानावर मूल कोणाबरोबर खेळतं, हे आईला माहीत असतं. मग गेममधल्या चार जणांपैकी शाळेतला कोण, भाऊ कोण आणि अनोळखी कोण, हेही माहीत हवं. ही पाळत नव्हे. जेवताना सहज विचारायची गोष्ट आहे ती.

तिसरी गोष्ट, आठवड्यातून एक तरी ठरलेली जागा अशी हवी, जिथे मूल शरीराने हजर असतं. फेराइन चालेल, मंडळ चालेल, मराठी शाळेचा प्रत्यक्ष भेटीचा दिवसही चालेल. ती चुकवायची नाही, आणि शिक्षा म्हणून काढूनही घ्यायची नाही. "मार्क कमी पडले, फुटबॉल बंद" असं करणारे पालक गेमला आणखी दोन तास देऊन बसतात.

चौथी गोष्ट, एकदा स्वतः खेळून बघा. मूल शिकवेल, तुम्ही हराल, तो हसेल. मराठीत शिकवायला सांगा. ज्या मुलाला घरात नेहमी सूचना ऐकायची सवय आहे, त्याला एक तास सूचना द्यायला मिळू दे.

एवढं करूनही मूल हसत नसेल, जुने मित्र एक एक करून सुटत असतील, खेळताना आनंद दिसत नसेल आणि थांबताही येत नसेल, तर ओरडू नका. बालरोगतज्ज्ञांशी किंवा शाळेतल्या समुपदेशकांशी बोला. आणि मुलांनो, असं तुमच्या मित्राच्या बाबतीत होताना दिसलं, तर ते सगळ्यात आधी तुम्हालाच कळणार आहे. तो नेहमीपेक्षा गप्प आहे, हे हेडसेटमधून तुम्हाला ऐकू येतं, आम्हाला नाही. तेव्हा डाव संपल्यावर लगेच निघून जाऊ नका. त्याला विचारा, "काय रे, बरा आहेस ना?" आणि शनिवारी त्याला घरी बोलवा.

चर्चेसाठी

१. लेखकाच्या मते "किती वेळ?" हा प्रश्न पुरेसा का नाही? दोन कारणं सांगा.
२. ट्रॉन्डहाइमच्या अभ्यासात "आधी काय, नंतर काय" हे का महत्त्वाचं ठरलं?
३. गेममध्ये न शिकता येणारी एखादी गोष्ट आहे, असं तुम्हाला वाटतं का? लेखकाशी तुम्ही सहमत नसाल तर तुमची बाजू आठ-दहा ओळींत मांडा.
४. आई किंवा बाबांना विचारा: "तुमचा कट्टा कुठे होता? तिथे भांडण झालं तर कसं मिटायचं?" त्यांचं उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून आणा.